रस्त्याकडच्या बारा ओळी

जालना,
१४ जानेवारी २००२

चि. अरुंधती,

मामाचा आशीर्वाद आणि पाकिटात तिळगूळ. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला असेल तर भुगा खा, पण गोड बोल.

तुझी आई म्हणते, पोरीला फोन करत जा. माझा डावा कान कधीच निवृत्त झाला, आणि उजव्यात कोणी तोंड घालून ओरडलं तरच शब्द आत जातो. भाचीला हैदराबादेत बसून ओरडायला लावण्यापेक्षा चार रुपयांचं तिकीट परवडलं.

आता खरी बातमी. आमच्या श्रीपतीच्या दुकानात कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक येतं. त्यात सगळ्या कंपन्यांच्या ग्राफिक्स कार्डांची परीक्षा घेतली आहे, आणि तुमच्या कंपनीचा निळा डबा पहिला! तो पिवळ्या डब्याचा, ज्याच्या नावाने तू दिवाळीत दातओठ खात होतीस, तो चांगला तीस टक्के मागे. मी ते पान घेऊन सगळी गल्ली फिरलो. तातेराव कापडवाले विचारतात, "हे कार्ड रॉकेलला चालतं का?" म्हटलं, हे चित्र पळवायचं कार्ड आहे आणि त्यात आमच्या अरुंधतीचा हात आहे. त्यांना काही कळलं नाही. मलाही फारसं कळलेलं नाही, पण छाती मात्र फुगली.

श्रीपतीला पहिलं मोठं काम मिळालंय. एका बिल्डरला न बांधलेल्या बंगल्यांची फिल्म हवी आहे, फाटकातून आत शिरायचं, जिना चढायचं, गच्चीवरून खाली बघायचं, सगळं कॉम्प्युटरवर. त्यासाठी नवीन कार्ड घ्यायचंय. निळं की पिवळं? औरंगाबादचा दुकानदार पिवळं घ्या म्हणतो. श्रीपती म्हणतो, अरू सांगेल ते. तू सांगशील तीच पूर्व दिशा.

परवा जांब समर्थच्या रस्त्याला पुंजारामच्या शेतात हुरड्याला जाऊन आलो. सोळा वर्षांत त्याचं बोलावणं एकदाही चुकलं नाही. तुझी आठवण काढत होता. "साहेब, ती शेंगदाण्याची चटणी चाटून खानारी पोरगी आता काय करून राह्यली?" म्हटलं, मोठी इंजिनिअर झाली.

विमलमामीचे आशीर्वाद.

तुझा मामा,
जगन्नाथ


हैदराबाद,
२ फेब्रुवारी २००२

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तिळगुळाचा भुगा चमच्याने खाल्ला.

तातेरावांना सांगा, कॉम्प्युटरला चित्र काढायला एक वेगळा हात लागतो, तो हात म्हणजे हे कार्ड. हात जितका चपळ तितकं पडद्यावरचं चित्र न अडखळता हलतं. आणि त्या हाताने कसं काढायचं हे सांगणारा प्रोग्राम असतो, तो आमचा विभाग लिहितो.

इथे सगळा जीव तारखांवर टांगलेला असतो. आमचं कार्ड आलं की पाच आठवड्यांत त्यांचं येतं, आणि त्यांचं येणार म्हटलं की आमच्या साहेबांना अन्न गोड लागत नाही. मागच्या वेळी त्यांनी आमच्याआधी नऊ दिवस बाजारात उडी मारली. त्या नऊ दिवसांत आम्ही सहा जण ऑफिसातच राहायला होतो म्हटलंत तरी चालेल. कार्ड तर कारखान्यात तयार होऊन डब्यात गेलेलं, त्यात काही बदलता येत नव्हतं. बदलता येत होता तो फक्त आमचा प्रोग्राम. मग परीक्षेत पहिले आलो. साहेबांनी पेढे वाटले आणि माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या.

श्रीपतीदादाच्या कार्डाचं म्हणाल तर आकडे मासिकात आहेतच. मी घरचीच, माझं काय ऐकायचं? त्याला म्हणावं, घाई करू नकोस, जरा थांब. औरंगाबादच्या दुकानदाराला अनुभव आहे.

पुंजारामकाकांना नमस्कार सांगा. चटणीची चव अजून जिभेवर आहे.

तुमची,
अरू


जालना,
२८ मार्च २००२

चि. अरू,

आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा हसलो. म्हणे 'मी घरचीच, माझं काय ऐकायचं'! अगदी तुझ्या आईवर गेलीस. तिला परीक्षेत पैकीच्या पैकी पडले तरी ती 'बरे आहेत' म्हणायची. स्वतःच्या मालाची तारीफ तोंडाने कशी करायची म्हणून तू आडून बोललीस, हे न कळण्याइतका तुझा मामा बिनडोक नाही. श्रीपतीला म्हटलं, उचल निळा डबा. त्याने उचलला.

फिल्म मात्र अजून जमेना. बंगल्याचं चित्र सुरेख काढलंय पोराने, कौलं, कुंड्या, गच्चीवरचा झोपाळासुद्धा. पण जिन्यापाशी वळलं की सगळं धक्के खात चालतं, खडीच्या रस्त्यावर टेम्पो गेल्यासारखं. बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात पिवळ्या डब्यावर असलंच काम लोण्यासारखं चालतं म्हणे. श्रीपती तीन आठवडे खपला. आधी झोपाळा काढून टाकला, मग कुंड्या, मग कौलं. तरी तेच. बिल्डर काम घेऊन त्या दुसऱ्या दुकानात गेला. मी म्हटलं, अरे, कार्डात तर काही नसेल ना? तर माझ्यावरच उखडला. "बाबा, जगात पहिलं आलेलं कार्ड आहे आणि अरूनं त्यावर काम केलंय. खोट माझ्या चित्रात आहे. मला येतच न्हाई हे काम, उगाच उड्या मारल्या." आता लग्नपत्रिका टाइप करत बसतो. मी म्हटलं, असू दे, पत्रिकाही कोणीतरी टाइप करायच्याच असतात.

तुझ्यासाठी आनंदाची गोष्ट. पाडव्याला तुझ्या शाळेत तुझा सत्कार ठरवलाय. दुर्गाबाई देशपांडे बाई निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हार त्याच घालणार. मासिकाचं पान मी काचेत मढवून घेतलंय, ते शाळेला भेट. रजा काढ, नाही म्हणायचं नाही.

मामा


हैदराबाद,
६ एप्रिल २००२

ती. मामा,

सत्कार रद्द करा. कृपा करून करा. कारण वाचल्यावर तुम्ही स्वतःच कराल.

श्रीपतीदादाच्या चित्रात काही खोट नाही. हे तुम्ही त्याला सांगा असं मी लिहिणार होते, पण ते मलाच सांगायला हवं आणि माझ्याने फोन उचलवत नाही. आधी तुम्हाला सांगते.

मासिकवाले परीक्षा घेतात ती एका ठरलेल्या खेळातून. पडद्यावर एक गाव असतं आणि बघणारा डोळा त्या गावातून एका ठरलेल्या वाटेने जातो. प्रत्येक कार्डाला तेच गाव, तीच वाट. ज्याचं कार्ड ते गाव भरभर काढेल तो पहिला. मला त्या नऊ दिवसांत एक गोष्ट सुचली. डोळा कधी मागे वळतच नाही, वर आभाळाकडे फारसा बघत नाही, मग मागची घरं आणि वरचं आभाळ काढायचंच कशाला? मी प्रोग्रामात लिहिलं की हा परीक्षेचा खेळ आहे असं ओळखलं की तेवढं सोडून दे. वाटेवरून दिसतं तेवढंच गाव काढ. बाकी काळोख.

तीस टक्के तिथून आले, मामा. आमचं कार्ड पिवळ्यापेक्षा चपळ नाही. उलट थोडं मंदच आहे. श्रीपतीदादाच्या बंगल्यात डोळा कुठेही वळतो, गच्चीवर चढतो, म्हणून तिथे त्याचा खरा वेग उघडा पडतो.

तेव्हा मला लाज वाटली नव्हती, हे लिहिताना जास्त लाज वाटते. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी हसले. आणि दादाने विचारलं तेव्हा 'पिवळं घे' हे दोन शब्द लिहायचे होते, तेही माझ्याने झाले नाहीत. कुठूनतरी कंपनीत कळलं तर, अशी भीती वाटली. म्हणून आडून लिहिलं आणि तुम्ही त्यात माझा विनय बघितलात.

त्याने झोपाळा पुसला, कुंड्या पुसल्या, हे वाचून मला जेवण गेलं नाही. मामा, तुम्ही मला रागवा. पत्रातून रागावलात तरी चालेल.

अरू


हैदराबाद,
११ जून २००२

ती. मामा,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. आई सांगते की सत्कार तुम्ही मोडलात आणि कोणाला कारण सांगितलं नाही. तुम्ही माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं असेल तर ते माझ्या कर्माचं फळ. पण एक विचारायचं आहे, आणि तुमच्याशिवाय कोणाला विचारू कळत नाही.

परीक्षेचा खेळ बनवणाऱ्यांनी बघणारा डोळा वाटेवरून खाली उतरवून बघितला आणि त्यांना तो काळोख दिसला. त्यांनी छापून टाकलं. आमची कंपनी म्हणते, ही चुकून राहिलेली चूक. तसं एक निवेदन तयार केलंय आणि ते ज्याने लिहिलं त्याची, म्हणजे माझी, सही त्यावर हवी आहे. 'अनवधानाने घडले.' वीस तारखेपर्यंत मुदत आहे. सही केली तर नोकरी राहील आणि सगळं मिटेल. दादाला मी अजून काही कळवलेलं नाही. निवेदन आलं की त्यालाही वाटेल, चूक होती, होते कधी कधी.

काय करू? एक ओळ लिहा. रागाची असली तरी लिहा.

अरू


जालना,
४ जुलै २००२

चि. अरू,

तुला एक ओळ हवी होती. मी एप्रिलपासून सतरा पत्रं लिहायला घेतली आणि फाडली. मामी म्हणाली, पोरीवर एवढा कसला राग धरलाय? राग तुझ्यावर नव्हता गं. तुझं पत्र वाचलं आणि मला माझंच शेत दिसलं.

तुला माहीत आहे, मी बियाण्याच्या कंपनीत फील्ड ऑफिसर होतो. तेव्हा जालन्यात दोन कंपन्यांची अशीच हमरीतुमरी चालायची. यांचं नवं हायब्रीड ज्वारीचं वाण आलं की महिन्याभरात त्यांचं यायचं. पंच्याऐंशी साली समोरच्यांचं वाण सरस निघालं. आमच्या साहेबाने मला सांगितलं, जांबच्या रस्त्याला पाटी लावून नमुन्याचा प्लॉट कर आणि पीक असं दाखव की बसमधल्या माणसाने मान वळवली पाहिजे. वाण मध्यम होतं. बी पोत्यांत भरून शिवलेलं, त्यात काही बदलता येत नव्हतं. मग मी रस्त्याकडच्या बारा ओळी उचलल्या. त्यांना दुप्पट खत, त्यांना घागरीने पाणी, रोगट ताट दिसलं की उपटून बाहेर. बारा ओळी अशा डोलत होत्या की खुद्द साहेब फसला. आतल्या ओळी रामभरोसे.

मेळाव्याला ट्रॉल्या भरून शेतकरी आले. मी त्यांना बांधावरून बघा म्हणालो, आत शिरू नका, कणसं झडतील. पुंजाराम शेजारचाच. त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, आतल्या ओळी बी अशाच हायेत का?" मी म्हणालो, "बराबर अशाच." तो म्हणाला, "तुमी सांगून राह्यले म्हंजे झालं. मंग आत कशाला जायाचं?" आणि गेला नाही. दोन पावलं टाकली असती तर दिसलं असतं.

पुढच्या मृगाला त्याने सगळ्या रानात आमचं बी पेरलं. पीक मध्यम आलं, वाणासारखंच. मी तोंड लपवत गेलो तर तोच माझी समजूत घालायला लागला. "बी झ्याक व्हतं साहेब. माहीच मूठ सैल पडली. चाड्यावर माहा हात बराबर चालत न्हाई." तिफणीच्या चाड्यात मुठीने बी सोडतात ना, ती मूठ कमीजास्त झाली की पेरा विरळ-दाट होतो. त्याने खोट आपल्या हातात शोधली. त्या सालापासून त्याने चाड्यावर मूठ धरली नाही. बैल हाकतो, मूठ त्याचा भाऊ रखमाजी धरतो. ज्याची मूठ शिवारात नावाजलेली होती तो माणूस सोळा वर्षं स्वतःच्या शेतात बैलांच्या मागे चालला. मी दर मृगाला ते बघितलं आणि दर पौषाला त्याच्या हाताचा हुरडा खाल्ला. एकदाही तोंड उघडलं नाही. श्रीपती पत्रिका टाइप करतो हे मीच तुला लिहिलं, आणि तुझं उत्तर येईपर्यंत मला कळलंही नाही की हे मी आधी पाहिलेलं आहे.

तुला काय सल्ला देऊ? कोणत्या तोंडाने? आधी स्वतःचं निस्तरावं म्हटलं, आणि त्याला दोन महिने हिंमत झाली नाही. शेवटी गेल्या बुधवारी गेलो. पेरणी चालू होती. रखमाजी चाड्यावर, पुंजाराम बैलांपाशी, खत टाकायला चार बाया, त्यात त्याची बायको सोनूबाई. मी त्याला बांधावर बोलावलं आणि सांगितलं. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. मला वाटत होतं मी त्याच्या कानात बोलतोय. प्रत्यक्षात मी ओरडत होतो, बाया काम थांबवून ऐकत होत्या.

त्याने विचारलं, मला ऐकू आलं नाही. मग त्यालाही ओरडावं लागलं.

"बारा वळी?"

"बाराच."

"आन मी इचारलं तवा?"

"खोटं बोललो, पुंजाराम."

तो खाली बसला. बराच वेळ ढेकूळ हातात घेऊन कुस्करत होता. मग सोनूबाईकडे बघून म्हणाला, "ऐकलं का गं? माही मूठ सैल नव्हती." उठला, रखमाजीच्या कमरेची बियाण्याची ओटी सोडली, आपल्या कमरेला बांधली आणि तिफणीमागे चालू लागला. मी पेरणीचं पहिलं तास रानाच्या टोकाला जाईपर्यंत उभा होतो. त्याने मागे वळून बघितलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला कोणी 'चहा घ्या साहेब' म्हटलं नाही. मी चालत रस्त्यापर्यंत आलो आणि मैलाच्या दगडावर बसून रडलो, हे मामीला माहीत नाही.

मुदत उलटली हे कळतं, पण अजून केली नसशील तर सही करू नकोस, अरू. 'अनवधानाने' असं म्हटलंस तर श्रीपतीचा हात त्याला कधीच परत मिळणार नाही.

मामा


हैदराबाद,
१५ जुलै २००२

ती. मामा,

तुमचं पत्र नऊ तारखेला मिळालं. मी सही वीस जूनला केली होती.

वाट बघितली. एकोणीसला टपालवाल्याला दोनदा विचारलं. पण तुमचा दोष नाही. तुमची ओळ हवी होती ती नाही म्हणायला बळ मिळावं म्हणून, आणि ती आली नाही तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं. तेवढं लिहायलाच हवं. साहेबांनी पाठ थोपटली. मी घरी येऊन दोन वेळा आंघोळ केली.

तुमचं पत्र घेऊन मी चार दिवस फिरले. पाचव्या दिवशी परीक्षेचा खेळ बनवणाऱ्यांना लिहिलं की ते निवेदन खोटं आहे, त्या ओळी मी विचार करून लिहिल्या. त्याची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. दुपारपर्यंत माझं ओळखपत्र काढून घेतलं होतं. खाली वॉचमनने माझी पिशवी तपासली, तोच वॉचमन जो मला रोज सलाम करायचा.

श्रीपतीदादाला वेगळं पत्र टाकलंय. त्यात सगळं आहे, 'जरा थांब' चा खरा अर्थसुद्धा. त्याला म्हणावं, झोपाळा परत काढ.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, मीच सांगेन.

अरू


जालना,
५ जानेवारी २००३

चि. अरू,

आशीर्वाद. शिकवण्या लागल्या हे वाचून बरं वाटलं. कमी असेना का, कष्टाचं आहे.

श्रीपती तुझं नाव काढत नाही. पण मागच्या महिन्यात औरंगाबादहून कोणाचं तरी पिवळ्या डब्याचं कार्ड दोन दिवस मागून आणलं आणि तीच जुनी फिल्म लावली. मला दुकानात बोलावून खुर्चीवर बसवलं. फाटक, जिना, गच्ची, सगळं सरळ पुढे सरकत गेलं. कौलं, कुंड्या, झोपाळा जागच्या जागी होते. तीन वेळा लावली. आता परत काढायला बसतो. तुझ्यावरचा राग त्याचा हक्काचा आहे, तो सोड असं मी सांगायला जाणार नाही.

यंदा पुंजारामचं हुरड्याचं बोलावणं आलं नाही. मी रोज ओसरीवर बसून वाट बघितली, म्हटलं मोटारसायकल वाजली तर मला ऐकू यायची नाही. मामी म्हणाली, कशाला वाट बघता, बराबर आहे त्याचं. बराबरच आहे.

आज सकाळी रखमाजी आला. मागे बाजारात भेटला तेव्हा तू काय केलंस आणि खरं सांगून नोकरी कशी गमावलीस, हे मी त्याच्या कानावर घातलं होतं. हातात फडक्यात बांधलेला हुरडा, अजून कोमट. मी उठून घ्यायला गेलो तर त्याने फडकं मागे घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "दादानं सांगितलंय, हे साहेबाचं न्हाई. हे पोरीचं हाय. तिला सोळा वरसं लागली न्हाईत म्हनावं."

मी ते फडकं देवघरात ठेवलंय. एक दाणाही तोंडात टाकला नाही. शेंगदाण्याची चटणीही आहे सोबत.

हुरडा टिकत नाही. लवकर ये.

मामा